बंदगळा, नऊवारी आणि गारठलेलं डायनिंग रूम: साताऱ्याहून क्रूझला जाताना

साताऱ्या-सांगलीकडच्या घरात क्रूझचं बुकिंग झालं की समुद्र लागेल का, हा प्रश्न नंतर येतो. आधी येतो तो 'रात्री जेवायला काय घालायचं?' एजंटाच्या कागदावर 'फॉर्मल नाइट' एवढेच शब्द असतात आणि त्यावरून सूट, टाय, गाऊन अशी खरेदीची यादी वाढत जाते. यातली बरीचशी खरेदी फुकट जाते. नात्यातल्या लग्नाच्या रिसेप्शनला जे कपडे चालतात, तेच जहाजावरच्या सगळ्यांत औपचारिक जेवणालाही चालतात. फक्त ते कपडे केबिनच्या हातभर जागेत, इस्त्री न करता अंगावर चढवता आले पाहिजेत आणि दोन-तीन तास टिकले पाहिजेत. तयारी करायची ती याची.

आधी जहाज कोणतं ते पाहा, कारण नियम जहाजागणिक बदलतात. मुंबई-गोवा किंवा मुंबई-लक्षद्वीप करणारं कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' हे १९९० साली बांधलेलं जहाज २०२१ पासून भारतात चालतंय. त्यावर बहुतेक प्रवासी भारतीय असतात आणि वातावरण सैल असतं. संध्याकाळी नीटनेटका सलवार-कमीज किंवा कॉलरचा शर्ट आणि फुल पँट असली की पुरे. सिंगापूरहून रॉयल कॅरिबियन या परदेशी कंपनीची सफर घेतली, तर तीन ते पाच रात्रींच्या सफरीत साधारण एक संध्याकाळ फॉर्मल असते, सहा रात्रींच्या वर गेलं की दोन. नॉर्वेजियन कंपनीच्या जहाजांवर फॉर्मल पोशाखाची सक्ती नाही. क्युनार्ड कंपनी मात्र जुन्या वळणाची. तिच्या गाला म्हणजे फॉर्मल संध्याकाळी पुरुषांना टक्सेडो (बो टायचा काळा सूट) किंवा गडद सूट लागतो, आणि त्याऐवजी आपापला औपचारिक राष्ट्रीय पोशाखही चालतो असं कंपनी स्वतःच म्हणते. म्हणजे सगळ्यांत कडक जहाजावरसुद्धा बंदगळा घालून ताठ मानेनं आत जाता येतं. टक्सेडो भाड्याने आणू नका, तो नंतर साताऱ्यात कुठे घालणार?

बहुतेक जहाजांवर संध्याकाळी मुख्य डायनिंग रूममध्ये पुरुषांची हाफ पँट, बाह्या नसलेली बनियन, पोहण्याचे कपडे आणि अनवाणी पाय चालत नाहीत. फाटकी जीन्सही नको. न फाटलेली गडद जीन्स फॉर्मल नसलेल्या रात्री बहुतेक जहाजांवर खपते. कपडे करण्याचा कंटाळा आला, तर वरच्या डेकवरच्या बुफेत जावं. तिथे फॉर्मल रात्रीही साधे कपडे चालतात, कोणी काही म्हणत नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर हा बुफे म्हणजे देवच.

आता बॅग. चार रात्रींसाठी पुरुषाला दोन फुल पँट (एक काळी, एक निळी), कॉलरचे तीन शर्ट, एक बंदगळा किंवा ब्लेझर आणि एक कुर्ता-पायजमा पुरतो. बाईमाणसाला एक रेशमी साडी, एक जॉर्जेट किंवा क्रेप, दोन ड्रेस आणि एक शाल. याहून जास्त नेलं तर ते तसंच घडीत परत येतं. केबिनमधलं कपाट अरुंद असतं आणि हँगर मोजकेच, म्हणून घरचे चार-पाच पातळ हँगर टाकावेत. केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी पत्र्याच्या असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक नेले की कव्हरातला कोट किंवा ब्लाउज भिंतीलाच टांगता येतो. ही चार हुकांची खरेदी टायपेक्षा कितीतरी उपयोगाची.

इस्त्री नेऊ नका. प्रवासी स्टीमरही नको. समुद्रात आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते, म्हणून असली उपकरणं बंदरावरच्या एक्स-रे तपासणीत बाजूला काढून ठेवतात आणि उतरताना परत देतात. निरांजन, उदबत्ती, कापूर यांनाही हाच नियम. जहाजाची लाँड्री पैसे घेऊन कपडे प्रेस करून देते, पण फॉर्मल संध्याकाळी दुपारपासूनच तिथे गर्दी होते, तेव्हा कपडे जहाजावर चढल्या दिवशीच द्यावेत. कार्निव्हल आणि प्रिन्सेसच्या बहुतेक जहाजांवर प्रवाशांसाठी लाँड्रीची खोली असते आणि तिथे इस्त्री असते. रॉयल कॅरिबियनवर नसते.

म्हणून कापड निवडताना ते चुरगळतं का, एवढंच पाहायचं. लिनन आणि जाड सुती कुर्ते घरीच राहू द्या. टेरिव्हिस्कोज पँट, जॉर्जेट, क्रेप, सिल्क-मिक्स यांची घडी मोडत नाही. घड्या तासभर टांगून निघतात का, हे घरीच करून पाहावं: कापडाचा कोपरा मुठीत दहा सेकंद आवळायचा आणि सोडायचा. चुणी तशीच राहिली तर ते कापड जहाजावरही तसंच राहणार. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफेत कपडे टांगण्याची युक्ती जॉर्जेटला आणि पँटला चालते. दार बंद ठेवा, वाफ बाहेर आली तर धुराचा सेन्सर वाजू शकतो. रेशमाला मात्र ती वाफ दाखवूसुद्धा नका. पाण्याचे डाग पडतात, आणि दमटपणाने जरीचे काठ काळवंडतात.

पैठणी न्यायचीच असेल तर मलमलच्या धुतलेल्या कापडात गुंडाळून, जरीचे काठ आतल्या बाजूला ठेवून न्यावी. वर्तमानपत्रात गुंडाळू नये, शाई लागते. सेंट साडी नेसायच्या आधी अंगाला लावावा, जरीवर फवारू नये.

साताऱ्याहून मुंबई रस्त्याने साधारण २५० किलोमीटर, सांगलीहून पावणेचारशेच्या घरात. जहाज दुपारी प्रवासी घेतं, त्यामुळे महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची: कोल्हापूरहून निघून सांगली, सातारा घेत सकाळी सीएसएमटीला पोचते. तिथून बॅलार्ड पिअर, म्हणजे क्रूझचा धक्का, टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर. साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर आहे आणि गाडी रात्री उशिरा येते, तेव्हा रिक्षा आधी ठरवून ठेवा. कव्हरातला बंदगळा घडी करून बॅगेत कोंबण्यापेक्षा बर्थच्या हुकाला टांगला की खांद्याला बाक येत नाही. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरून क्रूझ सहसा चालत नाहीत, म्हणजे दिवाळी ते मे याच काळाचा विचार करायचा. नेमकी तीच लग्नसराई. बंदगळा शिवायचा असेल तर शिंप्याला निदान तीन आठवडे आधी माप द्यावं, नाहीतर 'उद्या या' ऐकत गाडी चुकेल. ब्लाउजला आणि पँटच्या कमरेला इंचभर माया ठेवायला सांगा. जहाजावर चार वेळा खाणं होतं आणि तिसऱ्या दिवशी हूक लागत नाही. ही माया दोन मिनिटांत उसवता येते.

बंदरावर मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी येतात, पण लगेच नाही. कधी संध्याकाळ होते, कधी पहिल्या पाळीचं जेवण सुरू झाल्यावर येतात. पहिल्या रात्री डायनिंग रूममध्ये जीन्स आणि घामेजल्या टी-शर्टात बसलेले लोक दिसतात ते याचमुळे. पहिल्या संध्याकाळचा एक जोड, बूट किंवा सँडल, सेफ्टी पिना आणि औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. पहिली रात्र फॉर्मल नसते, त्यामुळे साधा ड्रेस पुरतो.

जेवणाच्या बहुधा दोन पाळ्या असतात, एक सहाच्या आसपास आणि एक आठ-साडेआठची. आपल्याकडच्या माणसांनी दुसरी पाळी घ्यावी. सहाला जेवण उतरत नाही, शिवाय बंदरावरून फिरून आल्यावर साडी नेसायला वेळ मिळतो. शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंगच्या वेळीच लेखी सांगावं. कोणत्या संध्याकाळी काय पोशाख, हे रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत किंवा कंपनीच्या ॲपमध्ये असतं. चढल्याबरोबर सगळ्या रात्रींची नोंद एकदम करून घेतली की कोणता कपडा कधी, हे ठरून जातं.

फॉर्मल संध्याकाळ. साडी केबिनमध्ये नेसणं हे यातलं सगळ्यांत अवघड काम, कारण पलंग आणि कपाट यांच्यात एका माणसाची जागा असते आणि आरसा अर्धाच. निऱ्या आणि पदर घरीच घालून, पिना लावून, इस्त्री करून घडी घालून न्यावी. अशी साडी पाच मिनिटांत होते. पिना दहा-बारा लागतात: पदराच्या चुण्यांना एक, खांद्यावर एक, निऱ्यांना आतून दोन, पाठीमागे एक, उरलेल्या हरवण्यासाठी. खालचा घोळ जमिनीपासून इंच-दीड इंच वर ठेवा. उघड्या डेकच्या दारांना लोखंडी उंबरे असतात आणि निऱ्या तिथेच अडकतात. डेकवर फोटोला जाताना पदर पूर्ण पिनवलेला हवा. वारा कोयनेच्या धरणावरचा वाटावा इतका असतो आणि मोकळा पदर शेजारच्याच्या चेहऱ्यावर जातो.

आजींना नऊवारी नेसायची सवय असेल तर त्या सगळ्यांत सुखी. कासोट्यामुळे जिन्यावर पाय मोकळा राहतो आणि घोळ कमी. आजोबांचं धोतर आणि कोटही राष्ट्रीय पोशाखात बसतं, फक्त धोतराची टोकं डेकवर सांभाळावीत. शेरवानी चालते, पण जड जरीकाम खुर्चीच्या पाठीला घासतं आणि बुफेची ताटं उचलताना बाही अडते. कोल्हापुरी फेट्याचं म्हणाल तर फोटोपुरता ठीक. जेवताना तो काढून ठेवायला जागा नसते आणि परत बांधणारा कोण?

पुरुषांना टाय बहुतेक जहाजांवर सक्तीचा नाही. गडद पँट, पांढरा किंवा फिका पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि ब्लेझर हा सुरक्षित पोशाख. बंदगळ्याखाली बनियन आणि पातळ शर्ट घातला की गळ्याची पट्टी घामाने मळत नाही.

पादत्राणांवर जास्त लक्ष द्या. हलत्या जहाजावर टोकदार टाच दगा देते, दोन इंचांची रुंद टाच ठीक. कोल्हापुरी चप्पल कुर्त्याबरोबर शोभते, पण तिचा चामड्याचा तळ गुळगुळीत फरशीवर सरकतो आणि ओल्या डेकवर फुगतो. तळाला मोच्याकडून पातळ रबर लावून घ्या, तेही निघायच्या आठवडाभर आधी, म्हणजे चिकटवलेलं नीट वाळतं. रबरी स्लिपर मुख्य डायनिंग रूममध्ये नको.

डायनिंग रूम थंड असतं, चांगलंच थंड. एसीचा झोत नेमका टेबलावर येतो. बाहेर दमट उकाडा म्हणून बिनबाह्यांचे ब्लाउज घालून गेलेल्या बायका सूप येईपर्यंत कुडकुडत असतात. साध्या सुती ओढणीने भागत नाही, लोकरी किंवा पश्मिना धाटणीची शाल हवी.

काही जहाजांवर एका रात्री पांढऱ्या कपड्यांची पार्टी असते. पांढरा कुर्ता आणि बुफेतली भारतीय भाजी हे जुळत नाही. हळदीचा डाग पडला तर साबण लावू नका. साबणाच्या क्षाराने हळद लाल होते, हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. आधी गार पाण्याने धुऊन पिळा. पिवळेपणा उन्हाने जातो, पण बाल्कनीच्या कठड्यावर कपडे वाळत घालायला मनाई असते आणि वारा ते समुद्रात नेतो. तेव्हा कुर्ता घरी येईपर्यंत कोरडा ठेवा आणि साताऱ्याच्या गच्चीवर दोन दिवस उन्हात टाका. पार्टीच्या आधी पांढऱ्यात जेवायचं असेल तर मोठा रुमाल मांडीवर नव्हे, छातीवर घ्या. इंग्रजी शिष्टाचार काहीही म्हणो.

दागिने खोटे न्यावेत. केबिनची तिजोरी लहान असते आणि नथ-पाटल्या केबिनमध्ये विखुरतात. परदेशी सफरीत खरं सोनं नेणारच असाल तर जाताना विमानतळावर कस्टमकडून नोंदीचं प्रमाणपत्र घ्या, नाहीतर परतताना ते तिकडेच घेतलं नाही हे सिद्ध करत बसावं लागतं. जहाजाचे फोटोग्राफर फॉर्मल रात्री जिन्यापाशी उभे असतात. ते फोटो काढायला पैसे घेत नाहीत, छापील प्रत घ्यायला घेतात. नुसता काढून घ्यायला हरकत नाही, पण किंमत विचारल्याशिवाय फोटोचं पाकीट उचलू नका.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा बाहेर ठेवायला सांगतात, बहुधा अकरा-बाराच्या आत. त्या थेट बंदरावर भेटतात. सगळं उत्साहाने भरून ठेवलं की सकाळी अंगावर रात्रीचेच कपडे उरतात. त्यामुळे शेवटच्या जेवणाला कमीत कमी जागा घेणारा जोड घालावा, जॉर्जेटचा ड्रेस किंवा शर्ट-पँट, म्हणजे तो काढून हातातल्या बॅगेत मावतो. सकाळचे कपडे आणि चप्पल आधी बाजूला काढून मगच कुलूप लावा. आणि चुंबकाचे हुक भिंतीवरून काढायला विसरू नका.