पहिला पगार हातात पडेपर्यंत

गिरणगावाचा विषय निघाला की बोलणं थेट 18 जानेवारी 1982 च्या संपावर जातं. कोकणातून, घाटावरून आलेला गडी मुळात मुंबईत तग कसा धरायचा, हे सहसा कोणी विचारत नाही.

नवा माणूस आधी 'बदली' असायचा. 1935 मध्ये गिरणीमालकांनी बदली कार्डाची पद्धत आणली. महिन्याच्या 1 तारखेला ठरावीक लोकांना कार्डं मिळायची. त्यांनी रोज सकाळी गिरणीत हजर व्हायचं आणि खाड्याच्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. जॉबरची, म्हणजे माणसं कामाला लावणाऱ्या मुकादमाची, दस्तुरी (लाच) बंद व्हावी, हा त्यामागचा एक हेतू. पण कार्ड म्हणजे काम नव्हे. साच्यावरचा (यंत्रावरचा) कायम कामगार आला की बदलीवाला माघारी, त्या दिवसाचा रोज बुडाला. एप्रिल-मेमध्ये मात्र कामाला तोटा नसे. कायम माणसं लग्नकार्याला आणि भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला, गावी गेलेली असत. म्हणजे गावाला माणूस हवा असतो नेमक्या त्याच दिवसांत बदलीवाल्याने मुंबई सोडायची नाही.

आता पगाराचं बघा. 1936 च्या वेतन कायद्यानुसार हजार किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्याला महिना संपल्यावर दहा दिवसांत पगार द्यायची मुभा होती. 1 तारखेला लागलेल्या माणसाच्या हातात पैसे पुढच्या महिन्याच्या 10 तारखेला, तेही भरलेल्या दिवसांचेच. मधले चाळीस दिवस खायचं काय?

ते खानावळवाली निभावून न्यायची. दोन वेळचं जेवण, हिशेब पगाराला. बहुतेक वेळा ती कामगाराचीच बायको, स्वयंपाक राहत्या खोलीतच. नव्या गड्याची ओळख गाववाल्याने द्यायची. पैसे बुडाले तर तगादाही त्याच्याकडेच. एखाद्याला महिनाभर कमी दिवस भरले की उधारी पुढे सरकायची, आणि वाण्याकडे तिचंही खातं फुगायचं.

झोपायला गावकीची, म्हणजे एका गावच्या लोकांची सामायिक, खोली. बीडीडी चाळीतली खोली साधारण 160 चौरस फूट. तेवढ्यात वीस-पंचवीस माणसं मावायची ती तीन पाळ्यांमुळे: रातपाळीवाला सकाळी येऊन आडवा व्हायचा तेव्हा पहिल्या पाळीची वळकटी भिंतीला लागलेली असायची. माणशी एक ट्रंक, एक खुंटी.

हे गणित सुट्टीला कोलमडायचं. तिन्ही पाळ्या एकदम घरी. मग वळकट्या गॅलरीत, जिन्यात, फुटपाथवर. पावसाळ्यात तीही सोय नाही, उकिडवं बसून रात्र काढायची.