बीजाणूंच्या मोजणीत गेलेला पावसाळा

मत्स्यतळ्यांसाठी जिवाणूंची पावडर तयार करण्यास आम्हांला जेवढे दिवस लागले, त्याच्या दुपटीहून अधिक दिवस तिच्या एका ग्रॅममध्ये किती जिवंत बीजाणू आहेत हे बाहेरच्या प्रयोगशाळेच्या कागदावर उमटण्यात गेले. तो राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणूनच हे लिहीत आहे.

बेळगावात उद्यमबागेजवळ भाड्याच्या गाळ्यात मी आणि माझे दीर हे काम करतो. बॅसिलस सबटिलिस आणि बॅसिलस लायकेनिफॉर्मिस हे जिवाणू उपासमार झाली की स्वतःभोवती टणक कवच बांधून बीजाणूच्या रूपात निपचित राहतात. त्यामुळे ते पुडीत महिनोन्‌महिने टिकतात, खाद्यातून माशाच्या पोटात गेले तरी तिथे तग धरून राहतात, आणि तळ्यात पुन्हा जागे होऊन तळाशी साचलेले उरलेले खाद्य व विष्ठा कुजवतात. वाढीचा टप्पा एकंदरीत सुरळीत गेला. फक्त पहिल्या घाण्यात मी गूळ जास्त घातला होता. ४८ तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर सगळ्या नुसत्या कांड्या, म्हणजे कांडीसारख्या साध्या पेशी; बीजाणू जवळजवळ नाहीतच. साखर शिल्लक असेपर्यंत हे जिवाणू बीजाणू करण्याच्या मागे लागत नाहीत. गूळ निम्मा केला, चिमूटभर मँगनीज सल्फेट घातले, आणि पुढच्या वेळी मॅलकाइट ग्रीनने रंगवलेल्या काचपट्टीवर बीजाणूंचे हिरवे ठिपके दाटीने दिसले. ते पाहून भाऊजी म्हणाले, "वहिनी, आता आपला माल झाला म्हणा."

माल झाला होता, पण तो विकत घेणाऱ्या चिकोडीकडच्या व्यापाऱ्याला बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल हवा होता, आणि ते त्यांचे मागणे रास्तच होते. आमच्या मोजणीत ग्रॅममागे २ अब्ज बीजाणू होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात नमुना दिला. नमुन्यासोबतचा अर्ज कन्नडमध्ये होता. मला कन्नड बोलता येते, परंतु वाचायला वेळ लागतो. माझ्या जाऊबाई कन्नड माध्यमात शिकलेल्या, त्यांनी तो वाचून भरला. त्यात एकूण जिवाणू आणि बुरशी असे दोन रकाने होते, बीजाणूंसाठी रकानाच नव्हता, म्हणून त्यांनी समासात सुवाच्य अक्षरात "बीजाणूंची मोजणी" असे कन्नडमध्ये लिहिले. ती ओळ कोणी वाचली नाही.

पाच आठवड्यांनी अहवाल आला: एकूण जिवाणू, ग्रॅममागे ४ कोटी. म्हणजे आमच्या आकड्याचा पन्नासावा भाग. दोन रात्री मला झोप लागली नाही. आपलेच तंत्र चुकले, वाळवताना जिवाणू मेले, असे वाटत राहिले. तिसऱ्या दिवशी मी तिथे जाऊन नमुना कसा हाताळला ते विचारले, तेव्हा कारण उघड झाले. आमची पावडर कॅल्शियम कार्बोनेटवर बसवलेली आहे. ती मिठाच्या पाण्यात टाकून हाताने क्षणभर हलवली, भुकटी तळाशी बसली, आणि वरचे निवळ पाणी उचलून पुढे पातळ केले गेले. बीजाणू भुकटीला चिकटून तळाशीच राहिले होते. अशी पावडर निदान अर्धा तास भिजवावी लागते, पाण्यात ट्वीन ८० या साबणासारख्या द्रवाचे थोडे थेंब घालावे लागतात, आणि गढूळ असतानाच त्यातले पाणी उचलावे लागते.

दुसऱ्यांदा शुल्क भरले. आणखी चार आठवडे. या वेळी शेरा होता की वसाहती, म्हणजे एकेका जिवाणूपासून बशीत वाढलेले ठिपके, एकमेकींत पसरल्यामुळे मोजणी शक्य नाही. सबटिलिसचा हा स्वभावच आहे. बशीतल्या आगारचा, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीचा, पृष्ठभाग ओलसर असला की तो चादरीसारखा पसरतो, म्हणून बशा आधी नीट कोरड्या कराव्या लागतात. बाहेर धो-धो पाऊस पडत असताना तिथे याचा विचार झाला नाही, आणि भुर्दंड आम्हांला पडला.

मग मी संपूर्ण पद्धत एका पानावर लिहिली, जाऊबाईंनी ती कन्नडमध्ये उतरवली, आणि तिसऱ्या नमुन्याला ते पान टाचले. नमुना देणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी असे पान द्यावे. त्यातली सर्वांत महत्त्वाची ओळ तापवण्याची: ८० अंशांना १० मिनिटे, म्हणजे साध्या पेशी मरतात आणि बीजाणूच उरतात. ती १० मिनिटे पाण्याच्या भांड्याचा काटा पाहून मोजू नयेत. शेजारी साध्या पाण्याची नळी ठेवून तिच्यातला तापमापक ८० वर पोचला की मोजायला सुरुवात करावी. मोजणीसाठी ३० ते ३०० वसाहतींची बशीच धरावी. अहवाल आला: १.८ अब्ज. तो हातात घेऊन मी जिन्यातच बसून राहिले.

एक सांगायचे राहिले. नमुना साध्या प्लास्टिकच्या पिशवीत कधीही देऊ नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यात ओल शिरते, आणि पावडरीत ग्लुकोज असेल तर बीजाणू त्या ओलाव्यात जागे होऊन पुडीतच मरू शकतात. ॲल्युमिनियमच्या थराची पुडी घ्यावी. शिवाय कारवारकडे कोळंबीच्या तळ्यांसाठी माल द्यायचा असेल, तर चेन्नईच्या तटीय जलकृषी प्राधिकरणाच्या नोंदणीचे नियम आधी पाहावेत; आमचा माल सध्या गोड्या पाण्यातील रोहू-कटल्यासाठीच जातो.

त्याच घाण्यातल्या सहा पुड्या मी कपाटात ठेवल्या आहेत. दर दोन महिन्यांनी एक फोडते आणि गढूळ पाण्यातूनच मोजते. चौथी गेल्या आठवड्यात फोडली: १.७ अब्ज.