राक्षसांशी बोलणी

व्हिडिओ गेमच्या परीक्षणांमधलं सगळ्यात जास्त टिंगल झालेलं वाक्य कुठलं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. १९९३च्या डिसेंबरात 'डूम' आला. मंगळाच्या चंद्रावरचा लष्करी तळ, नरकातून आलेले राक्षस, हातात बंदूक, आणि दिसेल त्याला गोळी घालायची. जगभरच्या कॉलेजांमधले आणि कचेऱ्यांमधले कॉम्प्युटर या एका खेळाने व्यापून टाकले. पुढच्या वर्षी 'एज' या ब्रिटिश मासिकाने त्याला दहापैकी सात गुण दिले आणि वर लिहिलं की, या प्राण्यांशी बोलता आलं असतं तर कदाचित त्यांच्याशी मैत्री करता आली असती, आघाड्या बांधता आल्या असत्या.

झालं. लोक अजून हसतायत. डूममध्ये कुणी बोलायला जातं का? समोरून तोंडातून आगीचे गोळे फेकणारा प्राणी येतोय आणि हा म्हणतो, या बसा. 'एज'मधली परीक्षणं निनावी छापतात म्हणून बरं, नाहीतर त्या बिचाऱ्याच्या नावाने आजवर कितीतरी विनोद खपले असते. (राक्षसांशी आघाडी ही कल्पना महाराष्ट्रातल्या वाचकाला तरी एवढी अशक्य वाटू नये, पण ते असो.)

मला मात्र हे वाक्य दिवसेंदिवस जास्तच आवडायला लागलंय.

माझी गेमची आवड खेळण्याइतकीच वाचण्यावर पोसलेली आहे. पिवळ्या कॅसेटचे टीव्ही गेम, लेबलवर लिहिलेल्या 'एकात हजारो' गेमपैकी प्रत्यक्षात निघालेले जेमतेम सहा-सात, गेम अडकला की कॅसेट काढून तिच्यात मारायची फुंकर, हे सगळं झालंच. पण घरात कॉम्प्युटर आल्यावर एक विचित्र काळ आला. नवे गेम चालवायला ग्राफिक्स कार्ड लागायचं आणि ग्राफिक्स कार्ड मागितलं की घरातून दहावीचं वर्ष आठवायचं. मग सीडीसकट मिळणारी कॉम्प्युटरची मासिकं, रद्दीच्या दुकानात किलोवर मिळणारे परदेशी अंक, यांत छापलेली परीक्षणं वाचायची. जे गेम आपल्या मशीनवर उघडणारच नाहीत त्यांची परीक्षणं मी पुन्हापुन्हा वाचली आहेत. त्यांचे गुण आज एकाचेही आठवत नाहीत. कुठल्याशा गेममध्ये पावसात भिजलेल्या गल्लीत निऑनचे दिवे डबक्यात कसे दिसतात, ते कुणीतरी चार ओळींत लिहिलं होतं, ते आठवतं. तो गेम पुढे कधीतरी खेळलो. डबकं ठीकठाक होतं, वर्णन जास्त चांगलं होतं.

आता गुणांचं प्रकरण. आपल्याकडे दहापैकी सात म्हणजे सत्तर टक्के, पेढे नाही तरी जिलबी आणण्याइतपत यश. गेमच्या जगात सात म्हणजे 'बघ बाबा, फारच हौस असेल तर.' मोठ्या कंपनीच्या मोठ्या गेमला साताच्या खाली जायची जणू बंदीच असते आणि आठ मिळाले तरी चाहते खवळतात. यात नुसता पोरकटपणा असता तर सोडून दिलं असतं, पण गुणांवर लोकांचे पगार ठरले आहेत. 'फॉलआउट : न्यू व्हेगस' हा २०१०चा गेम ऑब्सिडियन या स्टुडिओने केला. मेटाक्रिटिक ही साइट सगळ्या परीक्षणांची सरासरी काढते. तिथे ८५ पडले तर बोनस, असा करार होता. पडले ८४. एका मार्काने हुकलं! ही हळहळ आपल्याला वेगळी समजावून सांगायला नकोच. आणि गंमत अशी की न्यू व्हेगस आज त्या मालिकेतला सगळ्यात लाडका गेम मानणारे असंख्य आहेत, मी त्यातलाच.

दुसरी गोष्ट जरा काळी आहे. २००७ साली 'केन अँड लिंच' नावाच्या गेमला गेमस्पॉट या साइटवर जेफ गर्स्टमन यांनी सहा गुण दिले. त्या वेळी साइटभर त्याच गेमच्या जाहिराती लागल्या होत्या. थोड्याच दिवसांत गर्स्टमन यांची नोकरी गेली. जाहिरातदारांच्या दबावाचा त्यात हात होता हे त्यांनी उघडपणे सांगितलं ते २०१२ साली. मधल्या काळात त्यांनी 'जायंट बॉम्ब' ही स्वतःची साइट काढून ती नावारूपाला आणली होती. म्हणजे सहा गुण कसे दिले यावर नोकरी जाते, आणि सहा का दिले हे धड वाचलेलं कुणाला आठवत नाही. आकडा छापला की मजकूर कुणी वाचत नाही, एवढीच माझी त्याच्याबद्दलची तक्रार आहे.

परत त्या राक्षसांकडे येऊ. 'एज'ने ती इच्छा व्यक्त केली तेव्हा जपानात ती गोष्ट जुनी झाली होती. १९८७च्या 'मेगामी टेन्सेई' या गेमपासून तिकडे राक्षसांशी बोलणी करता येत होती. राक्षस समोर आला की लढायचं किंवा गप्पा मारायच्या. तो पैसे मागणार, वस्तू मागणार, मूड चांगला असेल तर तुमच्या बाजूला येणार, नसेल तर पैसे घेऊन पसार. या मालिकेचे आणि तिच्यातूनच निघालेल्या 'पर्सोना'चे पुढचे बरेच भाग खेळलोय आणि राक्षसाने फसवल्यावर येणारा संताप गोळी घालून येणाऱ्या समाधानापेक्षा कितीतरी जास्त काळ टिकतो, हे अनुभवाने सांगतो. खरं तर आपल्याकडे हे काही नवं नाही. कोकणात राखणदाराला नारळ, विडी ठेवून गाऱ्हाणं घालतात. 'तुका काय व्हया ता सांग' असं विचारायची पद्धत आहे, तलवार उपसायची नाही.

पण त्या वाक्याला खरं उत्तर दिलं ते २०१०च्या 'निअर'ने, असं माझं मत. योको तारो या दिग्दर्शकाचा गेम. त्या वेळी बऱ्याच परीक्षणांनी त्याला झोडपलं आणि सरासरी सत्तरच्याही खाली गेली. एका नामांकित साइटचा परीक्षक तर सुरुवातीच्या मासेमारीच्या कामातच अडकला, चुकीच्या जागी गळ टाकून बसला, मासा काही लागेना, शेवटी त्याने गेमच सोडला आणि तसं प्रामाणिकपणे लिहिलं. मालवणातल्या कुठल्याही पोराने त्याला सांगितलं असतं की बाबा, जागा बदल.

निअरमध्ये तुम्ही आजारी मुलीच्या बापाची भूमिका करता (जपानात भावाची भूमिका असलेली आवृत्तीही निघाली). सावल्यांसारखे काळे-पिवळे राक्षस वाटेत येतात, गुरगुरतात, तुम्ही त्यांना कापत जाता. शेवट येतो. मुलगी मिळते. बरेच जण इथे थांबले. पण गेम पुन्हा अर्ध्यातून सुरू केला की तेच प्रसंग, तीच मारामारी, फक्त एक फरक, या वेळी गुरगुरण्याखाली शब्द उमटतात. राक्षस काय बोलत होते ते आता तुम्हाला कळतं.

भंगाराच्या कारखान्यातला एक यंत्रमानव पहिल्या खेपेला नुसता अडथळा असतो. मोठा, हट्टी, बराच वेळ खाणारा, त्याच्या खांद्यावर एक छोटी सावली. मारला, पुढे गेलो. दुसऱ्या खेपेला कळतं की ती सावली म्हणजे आई गमावलेलं एक पोर होतं. यंत्र आणि ते पोर एकमेकांचे मित्र झाले होते, आणि कारखान्याबाहेरचं जग बघायला जायचं दोघांनी ठरवलं होतं. आणि मग तुमच्याच हातातली बटणं. चौकोन, चौकोन, त्रिकोण. लढाई टाळायची सोय नाही. बोलता येत नाहीच, फक्त ऐकू येतं. मी कंट्रोलर खाली ठेवून पाणी प्यायला उठलो आणि परत यायला मुद्दाम वेळ लावला. उपयोग शून्य, गेम तसाच थांबून होता.

सगळ्यात शेवटच्या शेवटात तर गेम विचारतो की एका मैत्रिणीला वाचवायला तू तुझं अस्तित्व देशील का. हो म्हटलं की तुमच्या वस्तूंची यादी उघडते आणि एकेक नोंद पुसली जाते. मग शस्त्रं. मग पूर्ण केलेली कामं. मग सेव्ह केलेला खेळच, सगळाच्या सगळा. ठरलेल्या तारखेच्या आत परीक्षण द्यायचं, हातात आठवडाभर, आणि शेजारी असेच आणखी दोन गेम वाट बघत असताना कुठला परीक्षक इथपर्यंत पोचणार? मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही सहा-सात देऊन जेवायला गेलो असतो.

२०१५ला 'अंडरटेल' आला आणि त्यात प्रत्येक राक्षसाशी बोलायची सोय होती. एकाही जिवाला न मारता पूर्ण गेम संपवता येतो. एक कुत्रा समोर येतो, त्याला थोपटलं की त्याची मान लांब होते, आणखी थोपटलं की आणखी लांब, शेवटी पडद्याच्या बाहेर जाते. टोबी फॉक्स या एका माणसाने बहुतांश केलेल्या या खेळाला परीक्षकांनी डोक्यावर घेतलं. एकवीस वर्षांपूर्वीच्या त्या निनावी परीक्षकाला तेव्हा कुणी फोन केला असेल असं वाटत नाही.

अॅनिमेवाल्यांना, म्हणजे जपानी अॅनिमेशनवाल्यांना, या गोष्टीचं भलतंच वेड आहे. 'डीमन स्लेयर' या मालिकेत नायक तान्जिरो राक्षसाचं मुंडकं उडवतो आणि मगच त्या राक्षसाची माणूस असतानाची गोष्ट आपल्याला दाखवतात. दर वेळी. भारतात १२ सप्टेंबर २०२५ला तिचा 'इन्फिनिटी कॅसल' हा सिनेमा लागला तेव्हा पहाटेचे खेळसुद्धा ठेवावे लागले होते. त्यातला आकाझा हा राक्षस तर लढाईआधी स्वतःच आमंत्रण देणारा, तूही राक्षस हो म्हणून! आघाडीचा प्रस्ताव इथे पलीकडून येतो. मग ऐन लढाईत त्याची लांबच लांब पूर्वकथा सुरू होते. आजारी बापाच्या औषधासाठी चोऱ्या करणारा पोरगा, नंतर मिळालेलं घर, ठरलेलं लग्न, आणि विष घातलेली विहीर. काही समीक्षकांनी लिहिलं की यामुळे लढाईची गती मेली. बरोबर आहे, मेली. माझ्या शेजारचा कॉलेजचा पोरगा मात्र हुंदके देत होता आणि त्याचा मित्र त्याला पॉपकॉर्न पुढे करत होता.

भाच्याने घरी येऊन ही सगळी कथा आईला, म्हणजे त्याच्या आजीला, साग्रसंगीत सांगितली. तिने भाजी निवडता निवडता ऐकली आणि म्हणाली, "अरे, मग हे आधी नाही का विचारायचं त्याला?" भाचा म्हणाला, "आज्जी, तसं नसतं ते." मला वाटतं 'एज'ने तिला नोकरी दिली असती.

असं लिहिणारी माणसं आता कमी होत चालली आहेत. 'गेम इन्फॉर्मर' हे अमेरिकन मासिक ३३ वर्षं चालून २०२४च्या ऑगस्टमध्ये अचानक बंद झालं. वेबसाइटवरचे जुने लेखही त्याच दिवशी गायब झाले. पुढच्या वर्षी नव्या मालकांनी ते पुन्हा सुरू केलं, जुने लेखही परत आले, पण असं भाग्य सगळ्यांना लाभत नाही. बाकी साइटींवर 'गेम किती वाजता सुरू होणार', 'तिसरी चावी कुठे सापडेल', 'सर्वोत्तम पन्नास तलवारी' असले लेख. त्यात चूक काही नाही, चावी मीही शोधतो. यूट्यूबवर चार-चार तासांची विश्लेषणं करणारी पोरं आहेत आणि त्यांतली काही फार हुशार आहेत. पण मला बसून वाचायला आवडतं, काय करणार.

मराठी पेपरात तर गेम येतो तो गुन्हेवृत्तात. कुणी वडिलांच्या खात्यातून पैसे उडवले, किंवा सरकारने पबजीवर बंदी घातली. २०२०मध्ये पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने 'राजी' काढला, पहाडी चित्रशैलीसारखी रंगवलेली भिंत न् भिंत, राजस्थानी वाड्यांसारखे सज्जे, आणि राक्षसांनी पळवलेल्या गोलू नावाच्या धाकट्या भावाला शोधणारी एक सर्कशीतली मुलगी. वर बसून दुर्गा आणि विष्णू तिच्यावर शेरे मारतात आणि आपसात किरकोळ वादही घालतात. त्या वर्षीच्या गेम अॅवॉर्ड्समध्ये नवख्या स्टुडिओच्या गेमला मिळणाऱ्या पुरस्कारासाठी त्याला नामांकनही होतं. बाहेरच्या परीक्षकांनी चित्रं वाखाणली, मारामारीला नाकं मुरडली, गेम फारच आटोपशीर आणि शेवट घाईत गुंडाळलेला वाटला असं लिहिलं. मला ते पटतं. पण त्यांच्यापैकी कुणी देवांच्या त्या संवादांबद्दल धड लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही. विष्णू इतका समंजस मोठ्या भावासारखा का बोलतो, दुर्गा मधूनच त्याला टोमणा कसा मारते, आणि आपल्याकडच्या कीर्तनात हेच दोघं असते तर गेम किती लांबला असता. यावर दोन पानं मजकूर हवा होता. आकडा नसला तरी चालेल.