बारा चौकोन, एकच रंग

२३ नोव्हेंबर
सकाळी अण्णा ओसरीत उन्हाला बसले होते. मांडीवर ती जुनी मोरांची चादर. बोटं चादरीवर इकडून तिकडे, पुन्हा तिकडून इकडे. मला वाटलं काही सांडलंय. विचारलं तर म्हणाले, "मोर कुठाय बघायलो."

मी जवळ जाऊन त्यांचा हात मोरावर ठेवला. थोडा वेळ चाचपलं आणि म्हणाले, "लागत नाही गं हाताला. धुऊन धुऊन सपाट झालीय."

ही चादर त्यांच्याच कारखान्यातली. ३१ वर्षं यंत्रमागावर काढली त्यांनी. आजोबा सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये होते, १८७७ साली सुरू झालेल्या त्या मिलमध्ये. आमच्या घरात मागाची गोष्ट तिथूनच सुरू होते. जकार्डच्या, म्हणजे मागावरच नक्षी विणून काढलेल्या चादरीवरचा मोर म्हणजे ताण्याबाण्यातल्या, उभ्या-आडव्या धाग्यांतल्या रंगांची अदलाबदल. एका बाजूला पिवळ्यावर लाल, उलटून पाहिलं तर लालावर पिवळा. तो डोळ्यांसाठी असतो, बोटांसाठी नाही. काचबिंदूने अण्णांची बाजूची नजर आधी गेली, आता समोरचंही धूसर झालंय. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायला थेंब घालत राहायचं, एवढंच डॉक्टरांनी सांगितलंय.

दुपारभर तेच डोक्यात राहिलं. बोटांना लागेल असं पांघरूण मी विणू शकते. सुयांवर.

२५ नोव्हेंबर
नवी पेठेत जाऊन लोकर आणली. ५० ग्रॅमचे १६ गुंडे, सगळे एकाच रंगाचे, गडद निळे. दुकानदार दोन-दोनदा विचारत होता, ताई, दुसरा एखादा रंग देऊ का जोडीला? नको म्हटलं. रंगाचा इथे उपयोग नाही, उलट मलाच तो फसवेल. दोन रंग हातात असले की मी नक्षी रंगातून काढत बसेन आणि अण्णांच्या बोटांना पुन्हा सपाटच मिळेल. इंग्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे कोळी असेच एकरंगी, गडद निळे स्वेटर घालायचे. त्यावरची सगळी नक्षी सुलट-उलट टाक्यांच्या उंचसखलपणातून काढलेली असायची. ते वाचलं होतं तेव्हापासून हा रंग मनात आहे.

आधी घरातलं सुती दोऱ्याचं बंडल वापरून पाहिलं होतं. सोलापूरची माणसं आम्ही, सुतावर जीव. पण सुताला लवचीकपणा नाही. दोन ओळींत मनगट भरून आलं आणि वीतभर तुकडाच इतका जड झाला की पूर्ण पांघरूण मांडीवर दगडासारखं बसलं असतं. लोकर बोटांना साथ देते.

बेत असा: एक फुटाचे बारा चौकोन, तीन आडवे, चार उभे. मांडी झाकून पाय झाकतील एवढं. ८ नंबरच्या सुया.

२९ नोव्हेंबर
चूक झाली. सगळ्या चौकोनांना ६० टाके घातले होते. साध्या विणीत पाच टाक्यांना एक इंच बसतो, म्हणून ६० म्हणजे बारा इंच, असा सरळ हिशोब. आज तीन तुकडे पलंगावर शेजारी ठेवले आणि पोटात खड्डा पडला. दोन सुलट-दोन उलट पट्ट्यांचा तुकडा आठ इंचांवर आक्रसून बसलेला. वेणीचा साडेनऊ. जाळीचा मात्र पसरून साडेतेरा.

विचार केला तर कारण दिसतं. सुलट टाक्यात फास पुढच्या बाजूला ओढला जातो, उलट्यात मागे. टाका एकच, बघायची बाजू वेगळी. दोन सुलट आणि दोन उलट शेजारी आले की सुलटे पुढे येतात, उलटे मागे सरतात आणि कापड पंख्यासारखं मिटतं. वेणीत तीन टाके तीन टाक्यांवरून ओलांडून जातात, म्हणजे एकावर एक बसतात. रुंदी कमी होणारच. जाळीत सुईवर धागा घेऊन भोक पाडायचं आणि दोन टाके एकत्र विणून मोजणी सांभाळायची. त्या भोकांनी कापड सैल पडतं.

म्हणजे प्रत्येक विणीला तिची तिची संख्या द्यायला हवी. रात्री वहीत मांडलं: जाळीला ५३, वेणीला ७६, पट्ट्यांना ७८ आणि ओलं करून थोडं ताणायचं. तिन्ही तुकडे उसवले. एका चौकोनात पाच हजारांच्या आसपास टाके असतात. उसवायला दहा मिनिटं लागली.

४ डिसेंबर
अण्णांना पहिले चार दिले हातात. साबुदाणा, चटई, शंकरपाळी आणि जिना. साबुदाण्यात एक सुलट एक उलट, आणि पुढच्या ओळीत त्यांची जागा बदलायची, त्यामुळे सगळीकडे बारीक दाणे उठतात. चटईत पाच-पाच टाक्यांचे ठोकळे, एक उभा एक आडवा. शंकरपाळीत साध्या विणीवर उलट्या टाक्यांच्या तिरक्या रेघा एकमेकींना छेदतात. जिन्यात दोन-दोन टाके दर दोन ओळींनी एक पाऊल सरकतात.

साबुदाणा आणि चटई लगेच ओळखले. शंकरपाळीवर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "सगळीकडेच काही ना काही हाय की. बोट टेकायचं कुठं?"

मी गप्प झाले. कारखान्यात हा माणूस माल तपासायला बसायचा, तेव्हा डोळे असूनही चादर हातावरून ओढून घ्यायचा. तार, म्हणजे एखादा धागा, तुटलेली असली की बोटाला आधी कळायचं. त्या बोटांना मी सगळीकडून एकदम आवाज ऐकवत होते.

म्हणून आता बारापैकी चार चौकोन कोरे. एक ओळ सुलट, एक ओळ उलट, गुळगुळीत. दोन नक्ष्यांच्या मध्ये एक सपाट जागा. साध्या विणीच्या कडा गुंडाळतात, म्हणून चारही बाजूंनी पाच टाके नुसते सुलट ठेवायचे. त्यात प्रत्येक ओळ सुलटच, दोन्ही बाजूंनी खडबडीत, आणि ती अजिबात वळत नाही. ही चौकट प्रत्येक चौकोनाला दिली की जोडताना शिवणही सोपी.

११ डिसेंबर
थंडी आली. अण्णा पहाटे उठून बसतात. मी विणते, ते कांदा चिरावा तसं बारीक प्रश्न विचारतात. "तुझ्या या कामात ताणा कुठला?" ताणा नाहीच, अण्णा. एकच धागा. तोच मागच्या ओळीच्या फासातून नवा फास काढत जातो. त्यांना हे पटेना. शंभरदा पाहिलंय त्यांनी मला विणताना, पण कधी विचारलं नव्हतं. मी सुटा धागा त्यांच्या हातात दिला आणि ओढायला सांगितलं. अर्धी ओळ सरसर सुटली. ते दचकले. "म्हणजे एक तार गेली की सगळं गेलं?" हो म्हटलं. बराच वेळ त्यावर बसले. मागावर एक तार तुटली तर एक तारच जाते, आडवा धागा नेणारा धोटा बाकीच्यांवरून धावत राहतो.

१९ डिसेंबर
वेणीचा चौकोन संपत आला होता. अण्णांनी हातात घेतला, वरून खाली बोट नेलं आणि मध्येच थांबले.
"हिथं वळण उलटं पडलंय."

खरंच. पीळ घालताना तीन टाके जादा सुईवर घेऊन ती मागे धरायची, तिथे मी पुढे धरली होती. एकच पीळ उलट दिशेला. मला दिसलं नव्हतं. सहा टाके, आणि तेही २२ ओळी खाली.

म्हटलं राहू दे अण्णा, कुणाच्या लक्षात येणार?
"माझ्या आलं की." मग शांतपणे म्हणाले, "सेकंडचा माल घरात वापरायचो आपण. हा सेकंड नकोय मला."

रात्री जेवणं झाल्यावर मी बसले. तेवढेच सहा टाके सुईवरून सोडले, शिडीसारखे खाली उतरवले, चुकलेल्या पिळापर्यंत. मग पीळ नीट करून क्रोशाच्या सुईने एकेक ओळ परत वर चढवली. साडेबारा वाजले. कौतुकाने नव्हे, सरळ हिशोबाने त्यांनी माझं काम तपासलं, आणि आज खूप दिवसांनी घरात कुणीतरी त्यांचं ऐकलं.

२ जानेवारी
बारा झाले. ओल्या टॉवेलवर ठेवून चारही कडांना टाचण्या लावल्या, फूट-फूट मापून. पट्ट्यांना जरा जास्त ताणलं. लोकर ओली असताना ज्या मापात धराल तेच माप वाळल्यावर बऱ्यापैकी ठेवते. सोलापूरच्या उन्हात दुपारपर्यंत खडखडीत.

अजून जोडायचे राहिलेत. अण्णांनी एक गोष्ट विचारली, जी मला सुचलीच नव्हती: "डोक्याकडची बाजू कुठली, कळायचं कसं?" चादरीची किनार त्यांना दिसायची, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. मग ठरवलं, जाळीचा चौकोन उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात. बाकी कुठेही भोक नाही.

१३ जानेवारी
गड्ड्याचा, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचा आज अक्षता सोहळा. सातही नंदीध्वज, त्या मानाच्या उंच काठ्या, निघाले. मागच्या वर्षीपर्यंत अण्णा अक्षता पडतात त्या संमती कट्ट्यापर्यंत जायचे, यंदा गर्दीत न्यायची माझी हिंमत झाली नाही. ओसरीत बसवलं. गल्लीतून मुलं "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र" ओरडत गेली, तेव्हा अण्णांनीही हात वर केला.

पांघरूण काल रात्री संपलं. सकाळी मांडीवर टाकलं तर उलटंसुलटं पडलं. मी नीट करायला वाकले, त्यांनी हात अडवला. चटईवरून कोऱ्यावर, कोऱ्यावरून वेणीवर, सावकाश, कडेकडेने. जिन्याशी थांबले, परत फिरले. मग जाळीच्या एका भोकात करंगळी घातली, तेवढा कोपरा धरून अख्खं पांघरूण फिरवलं आणि खांद्यावर घेतलं.

"चहा आण की," म्हणाले.