छत्र्या उघडल्या, दोषी घरातच होता
‘फ्लोरिडाचे (ही धिंगरी मशरूमची जात) देठ बोटभर आणि छत्री शर्टाच्या बटणाएवढी’ हे माझं रडगाणं गेले दोन महिने ऐकताय. तर कालच्या तोडीत छत्र्या तळहाताएवढ्या आल्या! कुटार भरलेल्या एका बॅगेतून पहिल्याच फ्लशला, म्हणजे पहिल्या बहराला, 550 ग्रॅम.

देठ लांब, छत्री बारीक म्हणजे खोलीत कार्बन डायऑक्साइड साचतोय हे कळत होतं, पण येतोय कुठून ते कळत नव्हतं. स्पॉन (मशरूमचं बियाणं) देणारा म्हणाला, एक्झॉस्ट वाढवा. दुसरा पंखा बसवला. देठ जरा आखूड झाले, पण आर्द्रता 85 टक्क्यांवरून 60 वर घसरली आणि पिनहेड, म्हणजे मशरूमचे इवले कोंब, पिवळे पडून वाळले. फॉगर (धुक्यासारखे तुषार उडवणारं यंत्र) जास्त वेळ चालवला तर छत्र्यांवर पाणी बसून डाग. आई म्हणाली, “अरे, हे मशरूम की शेवग्याच्या शेंगा?” हॉटेलवाल्यानेही तेच विचारलं, फक्त इतक्या प्रेमाने नाही.

शेवटी कार्बन डायऑक्साइड मोजायचा मीटर घेतला. तो आधी घ्यायला हवा होता, दुसऱ्या पंख्याचे पैसे तरी वाचले असते. रात्री पंखे बंद असताना आकडा 3400 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग). धिंगरीला फळं धरताना हजाराच्या आत हवा. फळावरच्या 40 बॅगा एवढा वायू सोडतील? पटेना. पहाटे मीटर घेऊन रॅकच्या तळाशी वाकलो आणि कपाळावर हात मारला. जागा वाचावी म्हणून नव्याने भरलेल्या 60 बॅगा मीच तिथे सरकवल्या होत्या. स्पॉन रनमध्ये, म्हणजे फळं धरण्याआधी बुरशी बॅगभर पसरते त्या काळात, ती सोयाबीनचं कुटार खात सुटलेली असते, तेव्हा ती भरपूर वायू सोडते आणि वर खोलीही तापवते.

बॅगा सामानाच्या खोलीत हलवल्या. दुसऱ्या रात्री 900. दुसरा पंखा काढून ठेवलाय, कोणाला हवा असेल तर सांगा.

आता स्पॉन रनसाठी वेगळी खोली बांधायची, किंग ऑयस्टर ही धिंगरीची दुसरी जात पुढच्या वर्षी. थांबा, लिहितानाच सुचलं: किंग ऑयस्टरचा तर देठच विकतात, त्याला वायू मुद्दाम थोडा वाढू देतात. मग त्या 60 बॅगांशेजारीच...? नाही जमणार. त्याला फळं धरायला 15-18 अंश लागतात, स्पॉन रनला 25. पुन्हा तीच खिचडी.

जुन्या शेंगा, म्हणजे देठ, वाळवून पूड केली. रस्सा दाट होतो. आई अजून चाखायला तयार नाही.