हिपचं ऑपरेशन झालं, हाड मात्र निवांत जुळत होतं

मांडीच्या हाडाची मान (खुब्यातल्या गोळ्याच्या खालचा निमुळता भाग) मोडली होती, तीन स्क्रू टाकून बसवली. ऑपरेशन छान झालं. सगळ्यांना वाटलं झालं आता, तीन महिन्यात पळायला लागणार. कसलं काय.

एक्सरेत मोडल्याजागची ती काळी रेघ काही जायचं नावच घेईना. डॉक्टरांनी नीट समजावलं तेव्हा कळलं की ही जागाच अशी आहे, वरच्या गोळ्याला रक्त नेणाऱ्या नळ्या बारीक, त्या मानेला चिकटूनच जातात आणि फ्रॅक्चरमध्ये त्याच दुखावतात, शिवाय सांध्याच्या आतला भाग असल्याने पायाच्या नळीला जसा बाहेरून कॅलस (नव्या हाडाचा थर) धरतो तसा इथे धरत नाही, जे काय जुळायचं ते आतूनच. सहसा नऊ महिने होऊनही जुळलं नाही आणि शेवटचे तीन महिने एक्सरेत काहीच हललं नाही तर नॉनयुनियन म्हणजे न जुळलेलं हाड म्हणतात, त्याआधी असेल तर नुसतं डिलेड, म्हणजे उशिरा जुळणारं. हे ऐकून मला जरा धीर आला खरं. दरम्यान व्हिटॅमिन डी तपासलं तर कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. सिगारेट ओढणाऱ्यांचं हाड अजून उशिरा जुळतं म्हणे, ते माझ्या बाबतीत नव्हतं.

खरी परीक्षा दुखणं थांबल्यावर. दुखतंय तोवर माणूस आपोआप जपतो, पण दुखणं हाडाच्या कितीतरी आधी थांबतं, आणि मग घरचे पण म्हणतात अगं टेकव की पाय, काही होत नाही! मी नाही टेकवला. नुसती बोटं जमिनीला लावायची, भार सगळा वॉकरवर, तळहात लाल व्हायचे.

पुढे थोडा भार द्यायची परवानगी मिळाली तेव्हा फिजिओने वजनकाटा आणायला लावला. काट्यावर ऑपरेशनवाला पाय, दुसरा पाय बाजूला तेवढ्याच उंचीच्या पाटावर, वॉकर धरून हळूहळू दाबायचं आणि काटा पंधरावर आला की थांबायचं, पंधरा किलो म्हणजे नक्की किती हे पायाला पाठ होईपर्यंत. डोळे मिटून दाबलं की दरवेळी भलताच आकडा यायचा, मी आणि फिजिओ दोघी हसायचो.

आता सीटी स्कॅनमध्ये हाड बऱ्यापैकी भरलेलं दिसतंय. लंगडणं आहे अजून, कारण कुल्ह्याच्या बाजूचा स्नायू पार वाळलाय, त्यासाठी कुशीवर झोपून पाय वर उचलायचा व्यायाम चालू आहे (कंटाळवाणा आहे, पण त्यानेच फरक पडतोय). काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरते, बघणारे हमखास सांगतात उलट धरलीय म्हणून. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनवाला आधी. गोळ्याचा रक्तपुरवठा नंतरही बिघडू शकतो, त्यामुळे दोन वर्षं तरी एक्सरे काढत राहायचेत. स्क्रू त्रास देत नाहीत तोवर आतच राहू दे म्हणालेत.