पासष्टीत लायसन्स रिन्यू करताना

वय ६५, गिअरची चारचाकी. लायसन्स घरबसल्या रिन्यू झालं, पुढची पाच वर्षं मिळाली. आरटीओत जावं लागलं नाही, गाडी चालवून दाखवावी लागली नाही. सोय उत्तम आहे. फक्त 'हा माणूस अजून नीट चालवतो का' हे या सगळ्यात कुणीच विचारत नाही. म्हणून कागदांची वाट आणि स्वतःच घ्यायची परीक्षा, दोन्ही लिहितो.

आधी मुदतीचं गणित, कारण इथेच गफलत होते. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर वयाच्या तिशीआधी काढलेलं खासगी वाहनाचं लायसन्स चाळिशीपर्यंत चालतं. ३० ते ५० मध्ये काढलं किंवा रिन्यू केलं तर दहा वर्षं, ५० ते ५५ मध्ये केलं तर साठीपर्यंत, आणि पंचावन्ननंतर दर वेळी पाचच वर्षं. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवसांची सवलत होती, तीही त्याच दुरुस्तीत गेली. आज मुदत संपली तर उद्या तुम्ही विनालायसन्स. दंड ५,००० रुपये. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण.

अर्ज मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत. मुदतीनंतर एक वर्ष उलटलं तर मात्र आरटीओच्या ट्रॅकवर पुन्हा गाडी चालवायची चाचणी द्यावी लागते. म्हणजे आपल्याकडे म्हातारपणी परीक्षा होते ती फक्त विसरभोळ्यांची. यातला विनोद कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आला असेल असं वाटत नाही.

आता सारथी, म्हणजे लायसन्सच्या कामांचं सरकारी पोर्टल. राज्य निवडा, लायसन्सवरच्या सेवांमध्ये जा, लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाका. पहिली ठेच इथेच लागते. जुन्या पुस्तिकेवरचा क्रमांक जसाच्या तसा चालत नाही. एमएच आणि आरटीओचा आकडा, मग वर्षाचे चार आकडे, मग सात आकडी क्रमांक, मधे कमी पडतील तितकी शून्यं. तरीही माहिती दिसली नाही तर तुमची जुनी नोंद संगणकावर चढलेलीच नाही. ती आरटीओतून चढवून घ्यावी लागते, आणि त्यासाठी जुनी पुस्तिका जपून ठेवलेली असावी लागते.

आधारवरून ओळख पटवली तर फेसलेस, म्हणजे आरटीओत न जाता, अर्ज होतो. दुसरी ठेच नावाची. लायसन्सवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, किंवा वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरही अर्ज अडकतो. आधारला जोडलेला मोबाइल चालू आहे ना, तेही आधी पाहा; बऱ्याच ज्येष्ठांचा तिथला नंबर मुलाचा असतो आणि मुलगा ऑफिसात. कागद ५०० केबीच्या आत, फोटो आणि सही १० ते २० केबी. नूतनीकरणाचे २०० रुपये, कार्डाचे २००, टपाल वेगळं. मुदत टळून गेली असेल तर २००च्या जागी ३००, आणि उशिराच्या प्रत्येक वर्षाला, अपुऱ्या वर्षालाही, १,००० वरून.

चाळिशीनंतर फॉर्म वन-ए लागतो, म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र. डॉक्टर सारथीवर नोंदलेले असतील तर ते स्वतःच ऑनलाइन भरतात. फॉर्ममधली सगळ्यात महत्त्वाची ओळ अशी, की चांगल्या उजेडात २५ मीटरवरची मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का. मग लाल-हिरवा ओळखणं, ऐकू येणं, हातापायांची हालचाल. फिट, चक्कर, रातांधळेपणा यांबद्दल तर फॉर्म एकमध्ये तुम्ही स्वतःच लिहून द्यायचं असतं. फॉर्म वाईट नाही. तो भरला कसा जातो हा प्रश्न आहे. समोर न पाहता सही देणारेही असतात. तिथे गेलात तर फसवणूक तुमचीच.

माझा क्रम असा ठेवला: आधी नेत्रतज्ज्ञ, तो रिपोर्ट घेऊन मग फॉर्मवाले डॉक्टर. नेत्रतज्ज्ञांकडे नुसता चष्म्याचा नंबर काढून उठू नका. काचबिंदूची फील्ड टेस्ट, म्हणजे कडेच्या नजरेची तपासणी, मागून घ्या. काचबिंदूत समोरचं स्पष्ट दिसत राहतं आणि कडेची नजर हळूहळू जाते. मेंदू ती रिकामी जागा भरून काढतो, त्यामुळे पत्ता लागत नाही. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणाऱ्याला डावीकडून घुसणारी स्कूटर दिसत नाही ती यामुळे. मोतीबिंदूची तऱ्हा वेगळी: दिवसा ठीक, रात्री समोरच्या गाडीचा अप्पर, म्हणजे प्रखर झोत, डोळ्यांत पसरतो आणि दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही. दिवसाउजेडीची पाटी वाचून हे कळणार नाही.

पाटीची परीक्षा घरीही होते. साधारण ३३ पावलं मोजा, उभ्या मोटारीची पाटी वाचा, एकेक डोळा झाकून. स्कूटरची पाटी घेऊ नका, तिची अक्षरं लहान असतात.

औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा आणि 'यातलं कोणतं गाडी चालवताना नडेल' असं सरळ विचारा. सर्दीच्या जुन्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या यांची गुंगी सकाळपर्यंत टिकते. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठताना रक्तदाब घसरतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू असेल तर निघण्याआधी साखर पाहायची. ब्रिटनमध्ये ९०च्या खाली असेल तर आधी खायचं असा दंडक आहे, तोच घ्यावा.

आता खरी परीक्षा. ड्रायव्हिंग स्कूलची दुहेरी ब्रेकची गाडी एका तासासाठी घ्या आणि शिक्षकाला आधीच सांगा, 'शिकवू नका, चुका लिहा.' घरच्यांना शेजारी बसवून उपयोग नाही, ते एकतर ओरडतात नाहीतर गप्प बसतात. सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडे वळणं, चढावर थांबून पुन्हा निघणं, मागे घेत पार्किंग, आणि अंधार पडल्यावर वीस मिनिटं, एवढं त्या तासात बसतं. वयाच्या चुका ठरलेल्या असतात: मान न वळवता नुसत्या आरशावर लेन बदलणं, डावीकडची दुचाकी उशिरा दिसणं, चौकात निर्णयाला वेळ लागणं. साठच्या वेगाला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. पाय ब्रेकवर अर्धा सेकंद उशिरा गेला की आठ मीटर, म्हणजे दोन मोटारींची लांबी.

पेडलची गल्लत वेगळी सांगतो, कारण ती गुडघेदुखीशी जोडलेली आहे. क्लचने गुडघा दुखतो म्हणून साठीनंतर बरेच जण ऑटोमॅटिक घेतात. गिअरच्या गाडीत पाय चुकून अ‍ॅक्सिलरेटरवर पडला तरी घाबरून डावा पाय क्लच दाबतो आणि इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचत नाही. ऑटोमॅटिकमध्ये हा बचाव नाही. गल्लत होते ती बहुधा पार्किंगमध्ये, मागे वळून बघताना: कंबर फिरते, टाच सरकते, पाय ब्रेक समजून भलत्याच पेडलवर पडतो, आणि गाडी थांबत नाही म्हणून माणूस तेच पेडल आणखी दाबतो. उपाय साधा आहे. उजवी टाच ब्रेकच्या रेषेत टेकलेली ठेवायची, गाडी ब्रेकवरच रांगू द्यायची, पार्किंगमध्ये अ‍ॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावायचाच नाही. ऑटोमॅटिक घेतल्यावर मोकळ्या मैदानात आठवडाभर एवढंच करा.

मग सगळ्यांचीच फेरपरीक्षा घ्यावी का? ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये ७५ नंतर दर वर्षी वैद्यकीय तपासणी होते आणि ८५ नंतर अटी नसलेलं लायसन्स हवं असेल तर दर दोन वर्षांनी रस्त्यावरची चाचणी. जपानमध्ये ७५ नंतर स्मरणशक्तीची परीक्षा आहे: आजची तारीख-वार सांगा, सोळा चित्रं पाहून ती नंतर आठवा. मे २०२२ पासून ठरावीक नियम मोडलेल्या ७५ वरच्यांना गाडीही चालवून दाखवावी लागते. मला हा शेवटचा मार्ग पटतो. नुसत्या वयावर सगळ्यांना ट्रॅकवर उभं केलं तर आपल्याकडे एजंटांचंच भलं होईल. ई-चलानची नोंद सरकारकडे आहेच; साठीनंतर सिग्नल तोडल्याची दोन-तीन चलानं असतील त्याला बोलवा. आणि फॉर्म वन-एमध्ये फील्ड टेस्ट घाला.

एक सोय कमी जणांना माहीत असते. सारथीवर लायसन्समधला एखादाच वाहनवर्ग परत करता येतो. गुडघे आणि तोल साथ देत नसतील तर दुचाकी सोडून मोटार ठेवता येते. सगळंच सोडायची गरज नसते.